न पाहिलेली कपार

ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटात तांबड्या खडकाच्या कडेने आम्ही सहाजण चालत होतो. वाट दाखवणाऱ्या बाई तिथल्याच आदिवासी, साठीच्या. एका कपारीपाशी त्यांनी मान फिरवली आणि कपार मागे पडेपर्यंत जमिनीकडेच पाहत राहिल्या.

“काय आहे तिथे?” मी विचारलं.

“पुरुषांची पवित्र जागा. बायकांनी बघायची नसते. मी कधी पाहिली नाही.”

“सगळा जन्म इथे काढूनही?”

“इथे काढला म्हणूनच,” त्या हसून म्हणाल्या.

न बघताही एखादी जागा इतकी आपली असू शकते? मला तर दुसऱ्याचं बंद कपाटसुद्धा उघडून बघावंसं वाटतं. माझं लक्ष बाईंकडेच राहिलं होतं; पण मागून येणाऱ्या माझ्या नवऱ्याने ती कपार चांगली न्याहाळली होती. काय दिसलं, हे त्याला विचारायला मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “जरा पाणी देतोस?”