घरगाडीतली बडबड

आमची घरगाडी म्हणजे मुळात शाळेच्या पोरांची ने-आण करणारी जुनी पिवळी गाडी. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बसच्या ड्रायव्हरकीतून निवृत्त झाल्यावर ती घेतली, आतल्या सीटा उपटून टाकल्या आणि दोन दिवाण, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी असा संसार तिच्यात मांडला. जन्मभर लोकांच्या बायकापोरांना फिरवलं, आता माझ्या घरच्यांना फिरवतो, असं ते येईल त्याला सांगत. घरच्यांना फिरायचं आहे का, हे कुणी विचारलं नाही. जानेवारीत कापूस घरात आला की मामंजी गाडी धुवायला काढत, आणि मी परतायचे दिवस मोजायला लागे.

लोकांना वाटायचं, काय मजा आहे हिची. जळगाव जामोदच्या आमच्या गल्लीतल्या बायका तर तोंडावर म्हणत, "तुले काय व, तुह्या घराले चाकं हायेत." चाकं होती, पण दार मामंजींच्या हाती होतं. गाडी कुठे थांबणार, केव्हा थांबणार, कुणी कधी उतरायचं, सगळं ते ठरवत. मला लघवीला जायचं असलं तरी अर्ज सासूबाईंमार्फत जाई.

हे मार्फतीचं प्रकरण सांगायलाच हवं. आमच्या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. भांडण नाही, राग नाही, रीत आहे. माझ्या सासूबाईही त्यांच्या सासऱ्यांशी कधी बोलल्या नाहीत. मी स्वयंपाकघरातून म्हणायचं, "आई, मामंजीले सांगा, चहा झाला." ओसरीवरून मामंजी म्हणायचे, "तिले म्हनाव, आण." मध्ये सासूबाई उभ्या, दोन्हीकडचं ऐकून घ्यायला. घरात हे खपून जातं. भिंती असतात, अंगण असतं. पण गाडीत मामंजींची मान माझ्यापासून दोन हातांवर, मी त्यांच्या मागच्या दिवाणावर डोक्यावर पदर घेऊन बसलेली, आणि तरीही, "आई, मामंजीले सांगा, पोरीले मळमळून राह्यलं." मग सासूबाई तेच वाक्य पुन्हा म्हणणार, जसं काही मामंजींना ते ऐकूच आलं नाही. पहिल्या वर्षी मला हसू यायचं. पुढे पुढे नाकी नऊ आले.

आणि सासूबाईंची ती बडबड. घरात तासन् तास गप्प राहणारी ही बाई, गाडीत मामंजींच्या डाव्या हाताच्या सीटवर बसली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होई. "अगं माय, डाव्या हाताले केवढा गोटा पडला पाह्य!" "इकडून बकऱ्या येऊन राह्यल्या, किती गोजिरवाण्या!" "हा पूल तं लयच अरुंद बांधला बाई." गोट्यात काय पाहायचं? बकऱ्या काय आम्ही कधी पाहिल्या नव्हत्या? एका वर्षी शेगावला दर्शन घेऊन निघालो, ज्ञानगंगेच्या जंगलातून बोथ्याचा घाट चढलो-उतरलो, आणि तेवढ्या वाटेत त्यांनी डाव्या बाजूचं एक झाड, एक खांब, एक म्हैस सोडली नाही. माझं डोकं उठलं. नवऱ्याला हळूच म्हटलं, "तुमच्या आईले जरा गप्प बसवा न." तो मोबाइलवर जंगलाचा व्हिडिओ काढत होता. म्हणाला, "फिरायले निघाली की खुलते ते. बोलू दे."

त्या वर्षी शेवटचा मुक्काम सोनाळ्याच्या वर, अंबाबारव्याच्या जंगलात होता. सोनाळ्याच्या अलीकडे माझं माहेर. गाडी माझ्या बापाच्या वांग्या-मिरचीच्या शेताला खेटून गेली, पण थांबली नाही, कारण ते मामंजींच्या ठरवण्यात नव्हतं. जंगलखात्याच्या नाक्यावरच्या माणसानं बजावलं, "वाटेत कोनी खाली उतरू नका, वाघ हाये. अंधाराच्या आत गावात पोचा." तिथे आत शिरताना गाडीचा डावा आरसा खांबाला घासून मागे वळला. सासूबाई तेव्हा बाटलीतून पाणी पीत होत्या. मामंजी खांबालाच बोलले, "रस्त्यात उभा करून ठेवला बयताडानं." खांब रस्त्यात नव्हता. मी पाहिला होता.

आत सातपुड्याच्या घळी सुरू झाल्या. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून गाडीपुरता रस्ता, एका अंगाला खोल नदी. वळायला जागा नाही, मोबाइलला रेंज नाही. साग इतका दाट की खिडकीतून हात काढला तर पानं हाताला लागतील. एखाद्याला हे स्वर्ग वाटेल. मला त्या वाटेवर एकदाही मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं नाही. बाहेर उतरायचं नाही, आत बोलायचं नाही. पोरगी विचारायची, "आई, घर कधी येईल?" मी म्हणायची, "घरातच तं हाये आपण."

घळीच्या पोटात एक लहानसं गाव आहे, त्याच्या मोकळ्या पटांगणात आम्ही राहिलो. संध्याकाळी गोवऱ्यांचा जगरा, म्हणजे निखाऱ्यांचा ढीग, करून त्यात कणकेचे रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. सासूबाई धुरात बसल्या. पहाटे त्यांनी झऱ्याच्या पाण्यानं डोक्यावरून आंघोळ केली, तिथलं पाणी पवित्र म्हणून. सकाळी त्यांनी मला हाक मारायला तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली. घसा पार बसला होता.

मला, खरं सांगते, आनंद झाला. म्हटलं, आज तरी कानांना सुख. सासूबाई मात्र घाबऱ्या झाल्या. मी मीठ घालून पाणी गरम करून दिलं, हळद-गूळ दिला. त्या घोट घेत आणि आवाज फुटतो का पाहत. मग त्यांनी खुणेनं मामंजींना सांगितलं, आज नको, उद्या निघू. मामंजी म्हणाले, "घसा बसला तं का झालं? गाडी का तुह्या घश्यावर चालते?" आणि त्यांनी चाबी फिरवली.

येताना नदी उजव्या अंगाला होती, म्हणजे आता परतताना डाव्या. सासूबाई त्यांच्या जागेवर, पण पाठ टेकलेली नाही. थोडं पुढे गेलो आणि त्या हातानं दारावर थापा मारू लागल्या. मामंजी वैतागले, "काऊन ठोकून राह्यली व?" त्यांनी आणखी जोरात ठोकलं. तेवढ्यात डावं चाक रस्त्याच्या कडेवरून खाली गेलं. गाडी कलली. डबे, पातेली, रोडग्यांची टोपली, सगळं माझ्या अंगावर आलं. पोरगी किंचाळली. मामंजींनी करकचून उजवीकडे ओढलं आणि गाडी कशीबशी वर आली. खिडकीतून मला खाली नदीतले दगड दिसले, पांढरे, लांबवर पसरलेले.

"रस्ताच खचला हाये," मामंजी म्हणाले. रस्ता धडधाकट होता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गोटा, बकऱ्या, पूल, खांब, म्हैस. सगळं डाव्या हाताचं. उजव्या बाजूला मोर नाचत असता तरी सासूबाईंनी त्याचं नाव घेतलं नसतं. मामंजींना डाव्या बाजूचं दिसतच नव्हतं, कधीपासून कोण जाणे, आणि ही बाई दर वर्षी त्यांच्या शेजारी बसून गप्पांच्या नावाखाली त्यांना रस्ता वाचून दाखवत होती. नवऱ्याचा मान राहावा म्हणून, आणि आमचा जीव राहावा म्हणून. आम्ही मागे बसून तिला कंटाळत होतो.

सासूबाईंनी मागे वळून माझं मनगट धरलं. चांगलंच आवळलं, बांगडी रुतली. ओठ हलले. सांग, असं त्या म्हणत होत्या. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पोरीला पोटाशी धरून बसला होता, पांढराफटक. गाडी थांबली नव्हती. पुढे वळण दिसत होतं आणि वळणावर कठडा नसलेली मोरी.

मी दिवाणावरून सरकले आणि दोन सीटांच्या मधे गुडघ्यांवर उभी राहिले. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्या माणसाच्या इतक्या जवळ मी कधी गेले नव्हते. मग मी सासूबाईंसारखंच म्हटलं, कुणालाच उद्देशून नाही असं, "अगं माय, डाव्या हाताले मोरी आली. कठडाही नाही बांधला."

मामंजींची मान जराही हलली नाही. पण हातांनी गाडी थोडी उजवीकडे घेतली आणि आम्ही मोरी पार केली. सासूबाईंनी डोळे मिटले. मी पुढचं म्हटलं, "डाव्या हाताले माती ढासळली." गाडी पुन्हा उजवीकडे. "आता सरळ हाये, झाडं दूर हायेत." गाडी सरळ. मी बोलत होते आणि तो एवढा मोठा, सगळ्या घरावर दरारा असलेला माणूस माझ्या शब्दावर वळत होता. क्षणभर, लपवत नाही, मला बरं वाटलं.

मग माझी नजर सासूबाईंकडे गेली. माझं मनगट त्यांनी अजून सोडलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला वाचता आलं. आता तू आहेस, असं ते होतं. पुढच्या जानेवारीत मी असेन, त्याच्या पुढच्याही. या सीटमागे गुडघ्यांवर, डोक्यावर पदर, डोळे डावीकडे, तोंडाचा पट्टा चालू, आणि मागे बसून माझी पोरगी म्हणेल, आई किती बडबडते. आणि एखाद्या वर्षी माझाही घसा बसेल. मला गुदमरल्यासारखं झालं. त्या घळीनं झालं नव्हतं इतकं.

"मामंजी," मी म्हटलं, "गाडी थांबवा."

त्यांना ऐकू आलं होतं. तरी सवयीनं ते मधल्या माणसाची वाट पाहत राहिले. सासूबाईंना आवाज नव्हता. गाडी चालत राहिली.

"मामंजी, मी तुमच्याशीच बोलून राह्यली. तुम्हाले डाव्या डोळ्यानं दिसत नाही. मी आता पुढचं काहीच सांगनार नाही. गाडी थांबवा."

मागून नवरा म्हणाला, "अवं, काय बोलून राह्यली तू!" तोवर गाडी थांबली होती.

इंजिन बंद झाल्यावर इतकं शांत झालं की नदीचं पाणी ऐकू येऊ लागलं. मामंजी स्टिअरिंग धरून समोर पाहत राहिले. मला वाटलं, आता मला इथंच उतरवतील. वाघ परवडला असता. पण ते स्वतःच उतरले, नाक्यावरच्या माणसाची तमा न करता. खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि पुढची काच पुसायला लागले. आतून पुसली, बाहेरून पुसली, डाव्या बाजूची तर घासून घासून पुसली. काच स्वच्छच होती. आम्ही सगळे पाहत होतो. मला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला.

"काच खराब झाली," शेवटी ते मुलाला म्हणाले. "तू घे. माह्या हातालेही कळ लागली."

माझ्या नवऱ्याकडे लायसन होतं, पण बापाच्या गाडीच्या स्टिअरिंगला त्यानं कधी हात लावला नव्हता. तो जाऊन बसला. सीट पुढे घ्यायची कशी हेही त्याला माहीत नव्हतं, ते मामंजींनीच खटका दाबून दाखवलं. मग मामंजी गाडीला वळसा घालून मागच्या दारानं चढले. सासूबाई पुढून उठून मागे आल्या. त्यांची सीट रिकामी होती. मी पदर खोचला आणि तिथे बसले, सगळ्यांच्या देखत. नवरा बैलगाडीच्या चालीनं चालवत होता, त्याच्या मानेवर घाम होता, पण त्याला दोन्ही बाजूंचं दिसत होतं. मला काही सांगावं लागलं नाही.

नाका ओलांडून सोनाळ्याला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. चहाच्या टपरीपाशी गाडी लावली. मी मागे गेले. सासूबाई दिवाणावर आडव्या झाल्या होत्या, पाय पोटाशी घेऊन, तोंड उघडं, एक हात खाली लोंबकळत. इतक्या हादऱ्यांत, इतक्या खड्ड्यांत त्या गाढ झोपल्या होत्या. मामंजी त्यांच्या पायथ्याशी अंग चोरून बसले होते, त्यांना जागा पुरावी म्हणून.

चहाला उठवावं म्हणून मी वाकले.

"झोपू दे तिले," मामंजी म्हणाले. मध्ये कुणी नव्हतं, ते माझ्याशीच बोलत होते. "लय वर्सं जागली."