उजळलेल्या डोक्याचा उंदीर

कळंबच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांना सगळे 'दाव-बघू सर' म्हणत. कुणी काहीही सांगा, ह्यांचं आपलं एकच, "दाव बघू!" एकदा वर्गात साप निघाला म्हणून पोरं ओरडत बाहेर पळाली, तर हे चष्मा पुसत आत! साप बिचारा घाबरून खिडकीतून गेला.

माझ्यावर त्यांचा फार जीव. पुढं मी पुण्याला संशोधनात शिरले. मेंदूच्या पेशींची झीज रोखणारे अतिसूक्ष्म, म्हणजे 'नॅनो' कण आम्ही बनवायचो. शरीरानं ते वाटेतच अडवू नयेत म्हणून त्यांना लेप द्यायचा, वर चमकणारा रंग लावायचा, उंदराला टोचायचे आणि कॅमेऱ्यानं ते कुठं कुठं जातात ते बघायचं. दिवाळीत मी सरांना मोबाईलवर फोटो दाखवला. उंदराचं डोकं नुसतं लखलखत होतं!

"थेट मेंदूत पोचलं, सर!" मी टेचात म्हणाले.

सरांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, कंपवात होता. सर फोटो कितीतरी वेळ बघत राहिले. "लई भारी काम केलंस पोरी," एवढंच बोलले.

संक्रांतीला गेले ती दारातच हबकले. चालत्याबोलत्या काकू खाटेवर ताठ पडलेल्या. मला बघून डोळे हलले, तोंड उघडेना. सरांनी डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून 'नॅनो' लिहिलेली कसलीशी पूड सुरू केली होती. सरांनी! माझा विश्वासच बसेना.

"अहो सर, हे काय करून बसलात! कुणाला विचारलंत तरी?"

"इचारायचं काय त्यात? डोळ्यानं बघितलं की म्या. तुझ्याच मोबाईलात."

"सर, ही पूड आमची नव्हेच. आमचं अजून उंदरांवरच चाललंय. आणि... सहांतल्या एकाच्याच डोक्यात गेलं होतं. बाकी पाचांचं सगळं यकृतातच अडकलं."

दवाखान्यात नेताना रिक्षात काकूंचं डोकं सरांच्या मांडीवर होतं. सर चिडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "मग त्या पाचांचं दिवाळीत का न्हाय सांगितलंस?"

मला शाबासकी हवी होती.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण काकू पहिल्यासारख्या उठल्या नाहीत. सर अजून माझा फोन घेतात. जेवलीस का, घरी कधी येणार, सगळं विचारतात. माझ्या कामाबद्दल मात्र एक अक्षर विचारत नाहीत.