भासऱ्यांनी सांगितलेली चाल

अक्षर वाईट आहे, शुद्धलेखनही चुकणार, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर पेन हातात आला तो सहीपुरताच. भुताखेतांवर, अंगात येण्यावर माझा कधी विश्वास नव्हता. दिवसभराच्या कामानं माणूस असा पडतो, की भूत आलं तरी उठवत नाही... पण मागच्या भादव्यात जे झालं ते मनातून जात नाही, म्हणून लिहिते.

किन्हीराजाच्या शिवारात, शेतातच आमचं घर आहे. डांबरी रोडवरून आत यायला पांदण – दोन्हीकडं बोरी-बाभळी, मधे काळी माती. पावसाळ्यात तिथं बैलगाडीसुद्धा फसते. घरात मी, मालक आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांना अजिबात ऐकू येत नाही. अंगणात ढोल वाजला तरी मान वळत नाही.

माझे भासरे, म्हणजे मालकांचे मोठे भाऊ, मिल्ट्रीत होते. रिटायर झाल्यावर ते आमच्याकडंच राहत. भरतीला जाणाऱ्या पोरांच्या पाठीवर पिट्टू, म्हणजे वाळू भरलेली मिल्ट्रीची पिशवी, देऊन त्यांना खळ्यात चालवायचे. आमच्यात धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी बोलत नाही, त्यांच्यासमोर उभी राहत नाही. काही हवं असलं तर ते आईला म्हणायचे, "आई, तिले म्हनाव चहा टाक." आत्याबाईंचे कान गेल्यावर ते बकरीला सांगायला लागले. "काय वं बकरे, आज जेवन भेटन का नाई?" मी आत हसायची, पण बोलायची नाही. दोन वर्षांपूर्वी ते वारले. एका घरात राहून आमचं एका शब्दाचं बोलणं झालं नाही.

त्या दिवशी आत्याबाईंना सकाळपासून हगवण आणि उलट्या. मालक उडीद विकायला रिसोडला गेलेले. दुपारी आत्याबाईंचे हातपाय गार पडले, डोळे खोल गेले. मी फोन केला.

"दवाखान्याची गाडी रोडवर पाठवतो," मालक म्हणाले. "पांदणीत नाई येत ते. तू आईले रोडलोक आनशीन का?"

"आनतो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? हाक पोचेल असं एकही घर जवळ नाही.

ओझी जन्मभर वाहिली, पण डोक्यावर. जुन्या लुगड्यानं आत्याबाईंना पाठीला बांधलं आणि निघाले. डोक्यावरच्या ओझ्याला पाठ ताठ लागते, तशीच ताठ चालले, तर ओझं मागं ओढायला लागलं. लवकर पोचावं म्हणून लांब लांब पाय टाकले. चिखल घोट्याच्या वर. अर्ध्या पांदणीतच मांड्या थरथरायला लागल्या. वाटलं, आता बसावं... तेवढ्यात कानाशी आत्याबाई बोलल्या.

"तो म्हन्ते, बसू नको."

सकाळपासून त्यांच्या तोंडून शब्द नव्हता.

"कोन म्हन्ते, आत्याबाई?"

त्यांना ऐकू कुठून येणार.

"तो म्हन्ते, बसला तो संपला. उभ्यानंच वाक, गुडघ्यावर हात ठेव, दम घे."

तसं केलं. दम परत आला.

"लुगडं आवळ. वर बांध मले, लोंबू नको देऊ."

वर ओढून घट्ट बांधलं. खांद्यांची ओढ कमी झाली, भार कमरेवर आला.

"आता चाल. कमरेतून वाकू नको, घोट्यापासून सारीच पुढं झुक. पाऊल आखूड. गुडघा सैल. पायाकडं नको पाहू, पुढं पाह्य."

मी चालले. थकवा गेला नाही, पण पाय उचलत गेले. मधूनमधून कानाशी, "आखूड... आखूड." चढ आला तशी मी घाई केली, तर म्हणाल्या, "तो म्हन्ते, एवढी घाई कायले? मी हावो ना मांगं."

माझे कान चांगले आहेत. मला माझ्याच पायांच्या चपचपीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. आणि जिला ढोल ऐकू येत नाही, तिला ऐकू येत होतं.

पदर केव्हाच खांद्यावर पडला होता. चिखलाच्या हातानं तो डोक्यावर ओढला. मागं वळून पाहिलं नाही. भीतीनं नाही... कधी ज्यांच्याकडं पाहिलं नाही, त्यांच्याकडं आता कसं पाहू?

गाडी दिसली. "तो म्हन्ते, झालं. उतरव," एवढं बोलून आत्याबाई गप्प झाल्या.

सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हाती लागल्या नसत्या. संध्याकाळी मालक आले.

"एकटीनं कसं आनलं वं?"

सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "बसला तो संपला... भाऊ पोराइले हेच सांगे. तुले कोनं सांगतलं?"

"आत्याबाईनं."

"अन् तिले?"

मग तेच म्हणाले, "खळ्यात बोलताना तू आयकलं असशीन." असेल. मी चुलीपाशी असायची, कानावर पडलंही असेल. पण बोलले मी नाही, आत्याबाई बोलल्या.

त्या बऱ्या होऊन घरी आल्यावर खुणा करकरून विचारलं, पांदणीत आपल्या मागं कोण होतं? म्हणाल्या, "कोनी नाई. तूच होती. लय हलवलं मले."

उलगडा अजून झाला नाही, होईल असंही वाटत नाही. एवढंच वाटतं, तिथं पांदणीत आमची रीत पाहायला तरी कोण होतं? "लय थकली मी," एवढं तरी मला भासऱ्यांना म्हणता आलं असतं.