तांबड्या बटणाशेजारी

विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यांची देखभाल हे माझं काम. लांबच लांब मार्गिकेत जमिनीलगत जो पट्टा आपोआप पुढे जात असतो आणि लोक ज्यावर बॅगा घेऊन नुसते उभे राहतात, तो. लोकांना वाटतं, माझं काम तो चालवण्याचं. चालवायला मोटार आहे. माझा सगळा जीव तो वेळेवर थांबतो की नाही यात अडकलेला असतो.

पट्टा शेवटी जिथे जमिनीखाली जातो तिथे पिवळ्या दातांची एक फणी असते. चपलेचा पट्टा, ओढणीचं टोक असं काही तिच्यात अडकलं की ती जराशी मागे सरते आणि तेवढ्यानं सगळं यंत्र जागच्या जागी बंद पडतं. फणीचे दात मुद्दाम नाजूक ठेवलेले असतात, माणसाच्या बोटाआधी त्यांनी मोडावं म्हणून. हाताखालचा रबरी कठडा जिथे आत शिरतो तिथेही असाच पहारा असतो. शिवाय दोन्ही टोकांना एकेक तांबडं बटण, कुणालाही दाबता येईल असं. पोरं ते गंमत म्हणून दाबतात. चांगली कोट घातलेली माणसंही दाबतात आणि मग मीच दाबल्यासारखं माझ्याकडे रागानं बघतात. एकदा बंद पडलेला पट्टा आपणहून सुरू होत नाही. कुणीतरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी जाऊन डोळ्यांनी बघायचं आणि मगच किल्ली फिरवायची.

हे सगळं आमच्या अब्बांना पहिल्याच फोनवर कळलं होतं. आमचं घर लासुर्ण्याचं. अब्बांची उभी हयात साखर कारखान्याच्या गव्हाणीवर गेली. जनावराला चारा घालायच्या गव्हाणीसारखीच ही कारखान्याची गव्हाण, फक्त साखळ्यांवर सरकणारी. बैलगाड्यांतला, ट्रॅक्टरांतला ऊस तिच्यात पडतो आणि पात्यांकडे जात राहतो. तिथे इतका आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळा कारभार हातांनी चालतो. हात सरळ वर गेला की वरच्या केबिनमधला माणूस गव्हाण थांबवतो. हात हवेत गोल फिरला की चालू दे. अडकलेल्या मोळ्या सोडवायला अब्बा खाली उतरायचे ते हात वर करून, आणि बाहेर आले की मागे वळून सगळी गव्हाण नजरेखालून घालायचे, मगच हात गोल फिरवायचे.

ती सवय घरापर्यंत आली होती. अम्मा भाकरी वाढत असली आणि पुरे म्हणायचं असलं की हात वर. मी सुट्टी संपवून एसटीत बसलो की लासुर्णे फाट्यावर उभे राहून ते हात गोल फिरवायचे. जवळ घेणं, पाठीवरून हात फिरवणं असलं काही त्यांना जमत नसे. एसटी बारामतीच्या दिशेनं निघाली की मी मागच्या काचेतून तो फिरणारा हात बघत राहायचो. मला तेवढं पुरायचं.

रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. "आज थांबली का रं?" माझ्या पट्ट्याला ते शेवटपर्यंत गव्हाणच समजत होते. थांबली म्हटलं की कशानं थांबली ते सविस्तर सांगावं लागे. कुणाची ओढणी, कुणाच्या बॅगेचं चाक. कारखान्यात गव्हाण थांबली की साहेब लोकांची धावपळ व्हायची, आणि इथं त्यांचा पोरगा थांबली म्हणून खूश. याचं त्यांना भारी हसू यायचं. त्यांना ते एकदा बघायचं होतं. पण आमच्या त्या भागात तिकीट नाहीतर ओळखपत्र असल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत. "पोराचं काम बघायला तिकीट काढायचं? मग त्यो तमाशाच झाला की," असं ते म्हणाले होते.

शेवटी तोड निघाली. निवृत्तीनंतर अब्बा-अम्मा दोघांनी मक्केच्या यात्रेला, उमऱ्याला जायचं आणि जाताना माझ्या पट्ट्यावरून जायचं. पासपोर्ट आले. आणि त्याच हिवाळ्यात अब्बा गेले. मी पोचलो तेव्हा सगळं उरकत आलं होतं.

तेव्हापासून मला थांबली का म्हणून कुणी विचारत नाही. बायको विचारते जेवला का, साहेब विचारतात सुरू कधी होणार. संध्याकाळी त्या वेळेला हात अजून खिशातल्या फोनकडे जातो. मला अब्बांची फार आठवण येते, हे साधं वाक्य मी कुणाजवळ बोललेलो नाही.

या वर्षी अम्मा उमऱ्याला निघाली, तिच्या भावाबरोबर, म्हणजे माझ्या मामूंबरोबर. बारामती-इंदापूरकडच्या माणसांचा जथा होता. माझी एकच हौस उरली होती: घरच्या एका तरी माणसानं माझ्या पट्ट्यावर पाय ठेवावा. आणि नेमकी अम्मा आपोआप चालणाऱ्या कशावरही पाय ठेवत नाही. लग्न झालं त्या वर्षी हंगामाच्या पहिल्या दिवशी गव्हाणीची पूजा बघायला ती गेली होती. पूजेची मोळी सरकत पात्यांकडे गेलेली तिनं बघितली, आणि मग अब्बांना खाली उतरताना बघितलं. त्यानंतर प्रत्येक हंगामात पाळी सुटल्याचा भोंगा झाला की ती दाराशी येऊन उभी राहायची आणि अब्बांची सायकल दिसेपर्यंत आत जायची नाही.

निघायच्या आधी सुट्टी काढून मी तिला बारामतीला नेलं. तिचा नवा बुरखा तिथं शिवायला टाकला होता. शिंप्यानं चांगला पायघोळ शिवला होता. चार बोटं वर घ्या, म्हटलं. उमऱ्याला जायचंय, लांबच शोभतो, असं त्याचं मत. मग मी त्याला फणीचं सगळं पुराण ऐकवलं. त्यानं ते शांतपणे ऐकलं, बहुधा गिऱ्हाईक एकदाचं टळावं म्हणूनच, आणि चार बोटं वर घेतली. येताना एका मोठ्या कापडाच्या दुकानात सरकता जिना होता. म्हटलं, सराव होईल. अम्मा त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली.

"बैल दमतो, माणूस दमतं," ती म्हणाली. "ह्यो दमतच न्हाय. त्याच्यावर पाय कसा ठिवायचा?" आणि दुखरा गुडघा धरून साध्या जिन्यानं वर गेली. मी चिडलो, पण ते कारखान्याचं वैर माझ्या चिडण्यानं जाणारं नव्हतं.

जायच्या दिवशी मी सकाळची पाळी मागून घेतली. जथा तपासण्या उरकून मार्गिकेत आला तेव्हा मी गणवेशात पट्ट्याच्या तोंडाशी उभा होतो. मामू आणि बाकीचे एकमेकांना धरून, हसत, लटपटत पट्ट्यावर चढले आणि पुढे गेले. अम्मा काठाशी थांबली. शेजारी साधी फरशी होतीच, तिच्यावरून ती जाणार हे मी ओळखून होतो. तिचा हात धरून तिला शेवटपर्यंत न्यायचं, असं मी मनात कितीदा तरी ठरवलेलं होतं.

तिनं खाली पट्ट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ही बंद कुठनं हुती?"

मी तांबडं बटण दाखवलं.

"मग तू तितंच उभा ऱ्हा. मी पल्याड उतरंस्तवर हलू नगं."

बिस्मिल्ला म्हणून तिनं उजवा पाय ठेवला, कठडा घट्ट धरला आणि निघाली. हात धरायचा बेत तिथंच राहिला. सांगितलं होतं तसा मी बटणाशी उभा राहिलो.

काळा बुरखा हळूहळू लहान होत गेला. खाली चार बोटांची फट मला अजून दिसत होती. तिनं एकदाही मागे बघितलं नाही. माझं बोट बटणावर होतं आणि मला एकच वाटत होतं, दाबावं. काही अडकलं नव्हतं, कुणी पडलं नव्हतं. नुसतं ती दूर जात होती म्हणून दाबावं. अब्बा गेले तेव्हा मीही दूर होतो आणि हाताशी काहीच नव्हतं. आज बटण होतं आणि ते दाबायचं नव्हतं.

फणी आली. मी घरी शिकवलं होतं तसा तिनं पाय उचलून पलीकडे टाकला, आणि उतरली. मग ती मागे वळली. त्या टोकापासून या टोकापर्यंत सगळा पट्टा तिनं नजरेखालून घातला. बुरख्यातून तिचा हात बाहेर आला आणि हवेत गोल फिरला.

मी उत्तर द्यायला गेलो आणि माझा हात सरळ वर गेला. तो तसाच राहिला. खाली घ्यावा असं मला वाटेना.

तिनं तो बघितला. त्याचा अर्थ तिला चांगला माहीत होता. ती क्षणभर थांबली. मग मान हलवली, पुन्हा एकदा हात गोल फिरवला, आणि मामूंच्या मागं चालायला लागली.