सरकार सांगेल तेवढंच धुवायचं

डॉक्टर माझ्या आजाराचं नाव सांगत होते आणि मी त्यांच्या टेबलावरच्या पेनाकडे बघत होते. दिवसभरात किती जणांनी ते हाताळलं असेल, आणि आता सही करायला ते मला देतील का, एवढीच मला काळजी.

"ओसीडी," ते म्हणाले. "ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. नको असलेला विचार मनात पुन्हा पुन्हा घुसतो आणि तो शांत करायला माणूस तीच ती कृती करत राहतो. तुमच्या बाबतीत विचार घाणीचा आणि कृती धुण्याची."

"मग साबण बदलून बघू का?" मी विचारलं.

डॉक्टर हसले नाहीत. माझा नवरा श्रीकांत हसला, आणि लगेच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

वर्तकनगरच्या त्या उपचार केंद्रात आम्हाला धाडलं होतं डोंबिवलीच्या त्वचेच्या डॉक्टरांनी. हातांना भेगा पडून रक्त यायचं म्हणून मी त्यांच्याकडे गेले होते. दिवसातून हात किती वेळा धुता, असं त्यांनी सहज विचारलं. मी सांगायला लागले आणि माझं सांगणं काही संपेना.

तुम्ही म्हणाल, घरच्यांच्या हे इतकी वर्षं लक्षात कसं आलं नाही? आलं होतं की! पण त्यांना ते आवडलं होतं. माझ्या सासूबाई कडक सोवळ्यातल्या. आमच्या छोट्या फ्लॅटमध्येसुद्धा त्यांचं सोवळ्याचं लुगडं उंच दांडीवर काठीनेच वाळत पडायचं आणि देवाच्या पाण्याच्या कळशीला दुसऱ्या कुणाचा हात चालायचा नाही. अशा घरात सून दुधाच्या पिशव्या साबणाने धुते, नळ धुते, मग नळ धुतलेला हात पुन्हा धुते म्हटल्यावर बोलायलाच नको. चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्या कौतुकाने सांगायच्या, "आमच्या वृंदाचं सोवळं माझ्याहून कडक हो!" मी फुटलेले हात पदराआड घेऊन बायकांना पन्हं द्यायचे. माझी आरती ओवाळायची तेवढी बाकी होती.

केंद्रात मला मृण्मयी भेटली. समुपदेशक, वयाने माझ्या भाचीएवढी. गोळ्या डॉक्टरांच्या, पण खरी मेहनत तिच्यापाशी. तिच्या उपचाराचं नाव एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला मुद्दाम हात लावायचा, आणि मग हात धुवायचे नाहीत. ऐकून मी उठूनच जाणार होते.

पहिल्या दिवशी तिने मला दाराच्या कडीला हात लावायला लावला आणि माझ्याशी गप्पा मारत बसली. माझा जीव नुसता वरखाली.

"काकू, भीती चढतेय ना? चढू दे. तुम्ही काहीच केलं नाहीत ना, तर ती आपली आपणच उतरते."

आणि ती खरंच उतरली. मला कुणीतरी फसवल्यासारखं वाटलं. इतकी साधी गोष्ट इतक्या वर्षांत मला कुणीच कशी सांगितली नव्हती? हळूहळू मी कणीक हातमोजे न घालता मळायला लागले. हातांच्या भेगा भरल्या. श्रीकांत म्हणाला, पाण्याची टाकीसुद्धा सुटकेचा श्वास सोडत असेल.

आणि मग कोरोना आला.

आता गंमत बघा. सगळं जग एकदम माझ्यासारखं झालं. लोक भाजी साबणाच्या पाण्यात बुडवत होते, नोटांवरून इस्त्री फिरवत होते. आमच्या सोसायटीने मला स्वच्छता समितीची प्रमुख केलं. ग्रुपवर मेसेज आला, "वृंदाताईंकडून शिका." आधी सासूबाईंनी माझ्या आजाराचं कौतुक केलं होतं, आता अख्ख्या सोसायटीने केलं. माझे हात पुन्हा फुटले. हा आजार अक्षरशः हात धुवून माझ्या मागे लागला होता.

केंद्राला कुलूप लागलं होतं, पण मृण्मयीचा व्हिडिओ कॉल ठरल्या वारी यायचा. पहिल्याच कॉलला मी तिला विजयी स्वरात म्हटलं, "आता काय सांगशील? आता तर सरकारच म्हणतंय हात धुवा!"

ती म्हणाली, "ठीक आहे काकू. सरकार सांगेल तेवढंच धुवायचं. वीस सेकंद सरकारची. एकविसावं तुमच्या आजाराचं. ते नाही द्यायचं त्याला."

तेव्हापासून सरकारी सूचना हेच माझं प्रिस्क्रिप्शन झालं. नवी सूचना आली की मृण्मयी ती आधी स्वतः वाचायची, मग मला आखून द्यायची. बाहेरून आल्यावर हात धुणं सरकारचं, पलंगावरून उठल्यावरचं आजाराचं. पुढे वस्तूंवरून हा रोग फारसा पसरत नाही असं तज्ज्ञ सांगायला लागले, तेव्हा तिने पिशव्या धुणं बंद करायला लावलं. तज्ज्ञांचा मला इतका राग आला की विचारू नका. पण हात पुन्हा भरून आले.

असं सगळं मार्गी लागत असताना एकदा कॉल संपवताना ती म्हणाली, "काकू, पुढच्या महिन्यात मी असेन की नाही, सांगता येत नाही."

आमचं केंद्र एका देणगीदार ट्रस्टच्या निधीवर चालायचं. माझ्यासारखी मनाच्या आजाराची माणसं तिथे यायची, तशी फिजिओथेरपीला अपंग माणसं आणि बोलायला शिकायला लहान मुलंही यायची. ट्रस्टचा नियम असा, की पेशंट केंद्रात येऊन सही करेल तोच उपचार धरायचा. सरकारने डॉक्टरांना फोनवरून सल्ला द्यायची मुभा दिली होती, पण ट्रस्टचे नियम जुनेच होते. सगळी मंडळी घरून दिवसभर राबत होती आणि ट्रस्टच्या नियमाप्रमाणे उपचार एकही होत नव्हता. निधी थांबला होता.

कॉल संपल्यावर मी बेसिनशी गेले आणि खूप वेळ तिथेच राहिले. ही मुलगी गेली तर मी पुन्हा त्या नळाखालीच जाऊन बसणार, हे मला दिसत होतं. मला फार भीती वाटली, आणि ती घाणीची नव्हती.

सुदैवाने ट्रस्टने नियमांचा फेरविचार करायला मीटिंग बोलावली. एका पेशंटने व्हिडिओवर बोलावं, अशी त्यांची इच्छा होती. डॉक्टरांनी बऱ्याच जणांना विचारलं. लोकांना कळेल म्हणून कुणी तयार होईना. माझ्याही घरी सासूबाईंना 'हातांना अ‍ॅलर्जी आहे' एवढंच सांगितलेलं होतं, आणि मीटिंग घरातल्या हॉलमध्ये बसून करायची म्हणजे त्यांना शब्दन् शब्द ऐकू जाणार. तरी मी हो म्हटलं.

त्या दिवशी सासूबाईंनी माझ्यापुढे रव्याच्या लाडवांची बशी ठेवली. "मीटिंग आहे ना? मधे भूक लागेल. हात धुतलेस ना?" खाण्याची वस्तू देताघेताना हा प्रश्न त्या गेली तीस वर्षं मला विचारत आल्या आहेत.

मी स्क्रीनवर सगळं सांगितलं. सोवळं, भेगा, कडी, वीस सेकंद. ट्रस्टचे एक वयस्कर गृहस्थ शांतपणे म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. पण फोनवर बोलून मन हलकं होतं, हे समजू शकतो. उपचार कसा होतो?"

मी उठले. दाराशी माझ्या जुन्या चपला होत्या, महिनोन्महिने बाहेर न पडलेल्या. डॉक्टरांच्या मते त्यांच्यात काही धोका नव्हता. माझ्या मते होता. चपलेला हात लावून त्याच हाताने खाणं ही मृण्मयीने कमी भीतीपासून जास्त भीतीपर्यंत आखून दिलेल्या माझ्या यादीतली सगळ्यात वरची पायरी, तिथे मी कधी पोचलेच नव्हते.

चपलेच्या तळव्यावर हात चांगला फिरवून मी कॅमेऱ्यासमोर आले.

"काकू, आजच करायला हवं असं नाही हं," मृण्मयी स्क्रीनवरून घाईने म्हणाली.

मी लाडू उचलला.

"अगं वृंदा, चपलेचा हात!" स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई ओरडल्या. सगळ्या मीटिंगने ते ऐकलं.

मी लाडू खाल्ला. छाती धडधडत होती, कानशिलं तापली होती. "आता भीती चढलीय," मी सांगितलं. "तुम्ही बोलत राहा. ती उतरेल." ते बोलत राहिले, निधीचं, नियमांचं. मी हात मांडीवर उघडा ठेवून बसले. मीटिंग संपायच्या आत भीती उतरली. मी तसं सांगितलं तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "आम्हाला दिसलं, ताई."

आज केंद्राचं कुलूप उघडून बराच काळ झाला, तरी फोनवरचे उपचार चालू आहेत. खडवलीची एक बाई, घराचा उंबरा ओलांडायला घाबरणारी, मृण्मयीशी फोनवर बोलत बोलत परवा अंगणापर्यंत आली. तुमच्या घरात कुणी असं धूत, पुसत, तपासत बसत असेल, तर कृपा करून त्याचं कौतुक करू नका. डॉक्टरांकडे न्या. माझ्यासारखे घरच्या घरी चपलेचे प्रयोगही करू नका, सोबत शिकलेलं माणूस लागतं. मी अजून गोळी घेते. कधीतरी एकविसावं सेकंद चोरते आणि मृण्मयीला प्रामाणिकपणे सांगते. ते केंद्र, डॉक्टर, ही पोरगी आणि नियम बदलणारी ती माणसं, सगळ्यांची मी ऋणी आहे.

एक दिवस मात्र शेवटी सांगायला राखून ठेवला होता. मीटिंगनंतर सासूबाईंनी मला एकच विचारलं होतं, "म्हणजे ते सोवळं नव्हतं?"

"नाही आई. भीती होती."

त्या लाडवांची बशी उचलून आत गेल्या. नंतर तो विषय त्यांनी काढला नाही. मग एका सकाळी मृण्मयीचा फोन आला, "काकू, ट्रस्ट आता फोनवरचे उपचारही धरणार! मी इथेच आहे!" मी आनंदाने डबा उघडला आणि लाडू घेऊन थेट सासूबाईंपुढे गेले.

सवयीने त्यांनी विचारलं, "हात धुतलेस ना?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी एकदा लाडवाकडे पाहिलं, एकदा माझ्या भरलेल्या भेगांकडे.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि हात पुढे केला. "दे."