ट्रेगेंझाची पाण्याची बाटली

फुटक्या किटलीच्या घळीत पास्को ट्रेगेंझाइतका सरळ माणूस दुसरा नव्हता, आणि त्याचे जे हाल झाले ते त्या सरळपणापायीच. कॉर्नवॉलच्या कथलाच्या खाणीत उमेदीची वर्षं घालवलेला, रविवारची प्रार्थना न चुकवणारा, दारूच्या नुसत्या वासानं शिंका येणारा गडी. सातासमुद्रापारच्या व्हिक्टोरिया वसाहतीत सोनं निघालंय म्हटल्यावर बायको टॅमझिन आणि पोरगी लव्हडे यांना घेऊन आला आणि बाकीच्यांसारखाच खड्डा खणत बसला. सोनं लागो न लागो, खणायच्या परवान्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला सरकारात भरावे लागत. शिपाई परवाने तपासायला आले की बिनपरवान्याची सगळी घळ "जो! जो!" असा इशाऱ्याचा पुकारा करून झाडीत पळायची. हा मात्र परवाना हातात धरून, टोपी काढून उभा. इतरांना त्याची लाज वाटे.

आमचं सरकार म्हणजे टेकडीवरची छावणी. फॉदरगिल साहेब तिथला आयुक्त, आणि न्यायाधीशही तोच. त्यानं घोड्यांचा तबेला बांधला तो नेमका ओढ्याच्या काठावर, वरच्या अंगाला. लीद, मूत, शिपायांच्या संडासाचा ओघळ, सगळं ओढ्यात. खाली आम्ही. छावणीचं स्वतःचं पाणी मात्र आणखी वरच्या झऱ्यावरून पिंपात भरून यायचं. घळीतले लोक म्हणायचे, सरकार रोज आपल्या पोटात उतरतंय, उकळून चहात घ्या म्हणजे पचेल.

हसणं ठीक होतं, पण उन्हाळ्यात लव्हडेला हगवण लागली. पोर वाळून काडी झाली, उभी केली तर टॅमझिनच्या अंगावर कोसळायची. घळीत तशी दोन पोरं आधीच पुरली होती. पास्कोला एकच हवं होतं : तबेला टेकडीच्या पलीकडे न्या. बस.

त्यानं अर्ज केला. तो परत आला, कारण त्यात 'अत्यंत नम्रपणे' हे शब्द राहिले होते. ते घालून पुन्हा केला. उत्तर आलं की, पाण्याबद्दल छावणीत चौकशी केली असता कोणाचीही तक्रार आढळली नाही. तिसऱ्या अर्जावर हुकूम आला : अर्जदाराने पुराव्यासह समक्ष हजर व्हावे.

"पुरावा?" शेजारच्या तंबूतला मॅकगुरन म्हणाला. "अरे पास्कोबाबा, सोपं आहे. बाटलीत भर आणि साहेबाच्या नाकाखाली धर!"

मॅकगुरन आयरिश, जीभ मोकळी सुटलेली. थट्टेत बोलला. पण पास्कोला थट्टा कळली असती तर तो पास्को कसला! सोन्याच्या मुलखात दारूला सक्त बंदी होती, त्यामुळे रिकाम्या बाटल्या मात्र पावलोपावली. ब्रँडीची एक चांगलीशी उचलून, धुऊन, त्यानं ओढ्याचं पिवळंजर्द पाणी भरलं. बूच मारलं. कोणाच्या अंगावर सांडू नये म्हणून कोटाच्या आत धरून निघाला. कोटाच्या आत! त्या मुलखात कोटाच्या आत बाटली धरणारा माणूस कोण असतो, हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत होतं. टॅमझिननं पाहिलं असतं तर अडवलं असतं, पण ती लव्हडेचे कपडे बदलत होती.

फाटकावर हॉक्सबी शिपाई. चोरून दारू विकणारा पकडला की दंडातला अर्धा वाटा पकडणाऱ्याला, हा तिथला कायदा. त्यामुळे हॉक्सबीचं नाक कुत्र्याच्याही पुढे.

"काय रे भगतबुवा, पोटाला काय आलंय?"

"पुरावा आहे, साहेबांना द्यायचाय."

हॉक्सबीनं बाटली ओढून उन्हात धरली आणि त्याचा चेहरा उजळला. "पुरावाच आहे रे बाबा! फक्कड पुरावा!"

अर्ज राहिला बाजूला. अर्जदार आरोपी होऊन उभा राहिला आणि समोर खुर्चीत तोच फॉदरगिल.

"साहेब, ते ओढ्याचं पाणी आहे," पास्को म्हणाला. "तुमच्या घोड्यांचं. माझी पोर मरायला टेकलीय त्यानं. बूच काढून वास तरी घ्या."

साहेबानं बूच काढलं. बाटली नाकापर्यंत नेली. रुमाल तोंडाला लावून बाटली पटकन खाली ठेवली, इतकी पटकन की सगळ्यांना कळलं, त्यालाही कळलं.

"हॉक्सबी," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "हे काय आहे?"

"ब्रँडी, हुजूर."

"मग पिऊन दाखव!" पास्को ओरडला. जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "पी की!"

दाराशी जमलेली सगळी घळ माना उंच करून बघू लागली. हॉक्सबीनं एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा साहेबाकडे. अर्धा वाटा डोळ्यांसमोर आला असावा. त्यानं बाटली तोंडाला लावली आणि आपल्याच घोड्याचं मूत घटाघटा प्यायला. डोळ्यांत पाणी आलं, गळ्याची घाटी वरखाली झाली, पण पठ्ठ्यानं मिशा पुसल्या.

"जरा कडक आहे, हुजूर. पण ब्रँडीच."

मॅकगुरन बाहेर जाऊन ओकला. गुन्हा शाबीत झाला. दंड भरायला पास्कोकडे काही नव्हतं, म्हणून त्याला छावणीतल्या ओंडक्याला साखळीनं बांधलं. तुरुंग बांधायला सरकारला सवड झाली नव्हती, तबेल्याला झाली होती. संध्याकाळी, दारू विकणाऱ्याचा म्हणून, कायद्याप्रमाणे त्याचा तंबू जाळला. हॉक्सबी दुसऱ्या दिवशी पोट धरून पडला. छावणीच्या डॉक्टरनं निदान केलं : ब्रँडी.

टॅमझिननं रडारड केली नाही. डोक्यावर छप्परच नाही तर कुठेही बसा. पोरीला पाठुंगळी मारून ती छावणीच्या वरच्या अंगाला गेली आणि थेट झऱ्यावर गोधडी बांधून राहिली. स्वच्छ पाणी पोरीच्या पोटात जाऊ लागलं. आणि पोरीची घाण झालेली फडकी टॅमझिन तिथंच धुऊ लागली, जिथून साहेबाचं पिंप भरायचं त्याच्या जरा वर.

आठवडाही गेला नाही. साहेबाच्या चहाला वास आला.

या तक्रारीत नम्र शब्द लागले नाहीत, पुरावा कोणी मागितला नाही. न्याहारी आटपायच्या आत शिपाई सुटले, गोधडी उपटली, झऱ्याला कुंपण पडलं, पहारा बसला. आमच्या तीन अर्जांना जे जमलं नाही ते साहेबाच्या एका कपानं केलं. फक्त तबेला होता तिथंच राहिला.

बाईला हाकलून छावणीतूनच खाली नेलं, ओंडक्यापुढून. पास्को धडपडत उभा राहिला. त्याला टॅमझिनमागे कोणीतरी लहानसं चालताना दिसलं.

"टॅमझिन! ती चालतेय?"

"चालतेय."

"उचलून नको घेऊस. चालू दे. मला बघू दे."

"चल, बडबडू नकोस!" शिपाई टॅमझिनला ढकलत म्हणाला.

"कुठं जाशील?" पास्कोनं विचारलं.

"जिथं वरच्या अंगाला सरकार नसेल तिथं," ती म्हणाली. "सुटलास की ओढ्याच्या उलट चालत ये."

महिन्याभरानं साखळी निघाली. त्याचा खड्डा रिकामा राहिला म्हणून नियमाप्रमाणे बेवारस ठरला होता, आणि त्यात दुसरेच दोघे खणत होते. ते ओशाळून वर बघू लागले. पास्कोनं त्यांना रामरामही केला नाही. छावणीसमोरून जाताना जन्मात कधी न थुंकलेला तो माणूस फाटकापाशी थांबला, मन लावून थुंकला, आणि ओढ्याच्या उलट चालू लागला.