वत्सलाबाईंच्या जखमेतले जंतू

पल्लवीला पुवाची किळस यायची. नाशिकरोडच्या एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कितीतरी वर्षं काढूनही ती किळस गेली नव्हती. जखमांतला पू टिपून आलेले स्वॅब प्लेटवर फिरवायचे, रात्रभर उबेत ठेवायचे आणि कोणते जंतू वाढले ते ओळखायचं, हे तिचं काम. "होते सवय," असं सगळे म्हणायचे. तिला झाली नाही. डब्यातली भाकरी तोंडाशी नेतानाही तिचं नाक आखडायचं.

एकदा वॉर्डातून सायखेड्याच्या वत्सलाबाईंचा स्वॅब आला. अंथरुणाला खिळलेली म्हातारी, कमरेखाली मोठी जखम. नळीचं बूच काढताच पल्लवीने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटर उघडला तर प्लेटभर राखाडी साय लाटांसारखी पसरलेली आणि कुजक्या मासळीचा भपकारा. प्रोटियस. जोडीला ई. कोलाय. तपासण्यांनीही तेच सांगितलं. दोन्ही आतड्यातले जंतू.

रिपोर्ट न्यायला त्यांचा मुलगा आला, दीपक. कडक इस्त्रीचा शर्ट, अंगाला अत्तर.

"मॅडम, हे तुमच्या हॉस्पिटलातलेच जंतू ना? आमच्याकडं रोज फरशी पुसतात."

"आई घरी कुठं झोपतात?"

"मागं, गोठ्याशेजारी. घरात लय वास मारायचा. पोरं जेवत नव्हती."

"त्यांचे कपडे कोण बदलतं?"

"बाई लावली होती. दिवाळीत गेली सोडून."

आता होळी आली होती. पल्लवीने रिपोर्टवर बोट ठेवलं.

"हे शीचे जंतू आहेत. त्या त्यातच पडून होत्या."

दीपकने रुमाल नाकाला लावला. "म्हातारपण आहे, मॅडम. पण वास जाईल ना?"

पल्लवी तडक वॉर्डात गेली. रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी औषध बदललं होतं, आणि सिस्टर ड्रेसिंगच्या तयारीत होती. वत्सलाबाईंची धाकटी बहीण रंगूबाई पलंगाशी उभी होती.

"दार लाव गं बाई, माश्या येत्यात," ती म्हणाली.

पट्टी सुटली. आतलं काळं-हिरवं मांस पाहून पल्लवी भिंतीला टेकली.

"मावशी, तुम्हाला किळस नाही येत?"

"येती ना. आत्ताच भाईर ओकून आले. धर जरा हिला, मला एकटीला पेलत नाय."

पल्लवीने हातमोजे चढवले आणि म्हातारीला कुशीवर धरून ठेवलं. वत्सलाबाई कण्हत होत्या, "पुरे गं, पुरे." ड्रेसिंग संपल्यावर पल्लवी धावतच बेसिनकडे गेली.

घरी सोडायच्या दिवशी दीपक गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर त्याने खताच्या गोणीतलं प्लास्टिक अंथरलं होतं. रंगूबाईने ते पाहिलं. तिने आपल्या भाजीच्या पिकअपमध्ये गादी टाकली आणि बहिणीला मखमलाबादला, स्वतःच्या मळ्यात नेलं. वत्सलाबाई तिथंच राहिल्या. पावसाळ्यापर्यंत जखम भरत आली.